खऱ्या घराची चित्रकथा

नाबोरच्या डोक्यात मी शाईची बाटली घातली ती त्याचं चुकलं म्हणून नाही. माझं चुकलं होतं म्हणून घातली. पण हे कबूल करायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलं.

तेव्हा आम्ही मेक्सिको शहरात दर आठवड्याला खिशात मावेल एवढी एक चित्रकथा काढायचो. चौसष्ट पानं, पानाला दोन चौकटी, आणि गोष्ट त्याच अंकात संपवायची. लिहायचे मी. माणसं काढायचे एवारिस्तो मास्तर. आणि माणसांच्या मागे जे काही असतं, घरं, खुर्च्या, ढग, कुत्री, ते सगळं नाबोर भरायचा. डॉन लेओ आमचा संपादक. तो काहीच काढायचा नाही, फक्त ओरडायचा.

"आठ पानांत एक मुडदा, हासिंता," तो म्हणायचा. "मुडदा जमत नसेल तर निदान एक सणसणीत चपराक. लोक बसमध्ये वाचतात, बये. दर थांब्याला काहीतरी फुटलं पाहिजे."

मी फोडायचे. सतरा वर्षं मी दर आठवड्याला कुणाचं तरी डोकं फोडलं, कुणाला विहिरीत ढकललं, कुणाच्या कॉफीत उंदराचं औषध घातलं. घरी मला झुरळ मारवत नव्हतं. मास्तर तर अठ्ठावन्न वर्षांचे, गोलमटोल, जिना चढताना तीनदा थांबायचे, आणि त्यांच्या हातचे ठोसे बघून पोरं शिट्ट्या मारायची. त्यांनी काढलेल्या सगळ्या बायका त्यांच्या बायकोसारख्या दिसत. विचारलं की म्हणायचे, "फुकट समोर बसते, दुसरी कुठून आणू?"

कामाची पद्धत अशी होती. मी टाइपरायटरवर डाव्या बाजूला चौकटीत काय दिसतं ते लिहायचे, उजव्या बाजूला कोण काय बोलतं ते. सोबत टाचणीने काहीबाही जोडायचे. न्यायालय कसं असतं त्याचं कात्रण, एखाद्या बंदराचं पोस्टकार्ड, कधी नुसता पत्ता, की नाबोर, अमुक चर्चसमोर जाऊन बघून ये. जे जोडलं असेल ते त्याने काढायचं, असा आमचा रिवाज. मग कागद मास्तरांकडे जायचे, तिथून नाबोरकडे, तिथून छापखान्यात. मला थेट छापलेला अंक दिसायचा.

अर्ध्या गोष्टी वाचकांच्या पत्रांतून यायच्या. माझ्या आयुष्यावर लिहा म्हणून बायका पानंच्या पानं पाठवत. मी नाव बदलायचे, गाव बदलायचे, मुडदे घालायचे, झालं.

ओतिलियाचं पत्र ऑगस्टच्या शेवटी आलं. वहीचा कागद, अक्षर शाळकरी, पण एक शब्द फुकट नव्हता.

"बाई, माझा नवरा सिल्वेरियो पाचूकात बस चालवतो. दार नीट लागलं नाही तर मारतो, नीट लागलं तरी मारतो. टायर काढायची सळई दाराशी खिळ्याला टांगलेली असते. मागच्या वर्षी पोटातलं मूल गेलं. त्याला वाचता येत नाही, तो चित्रं बघतो. दर गुरुवारी तुमचा अंक आणतो आणि दुपारी जेवताना मी त्याला मोठ्याने वाचून दाखवते. तेवढा वेळ तो चांगला असतो. ऑक्टोबरात इथे सान फ्रान्सिस्को संताची जत्रा असते, तेव्हा त्याला दुप्पट फेऱ्या असतात. त्या दिवशी मी जाणार. वेराक्रूसला माझी धर्ममाता आहे. दोन झगे आणि बूट मी कोळशाच्या पेटीत तळाशी पुरून ठेवलेत. मी गेल्यावर माझी गोष्ट छापा. आधी नको."

'आधी नको'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी पत्र बाजूला ठेवलं, देवाशप्पथ ठेवलं होतं. पण पुढच्या आठवड्यात माझं डोकं रिकामं झालं. तीन दिवस मी कोऱ्या कागदासमोर बसून दात कोरत होते. डॉन लेओ दाराशी येऊन म्हणाला, "सोमवारी लिखाण नाही मिळालं तर तुझ्या जागी माझ्या मेव्हण्याला बसवतो. त्याला लिहिता येत नाही, पण निदान तो वेळेवर येतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पत्र पुढे ओढलं आणि एका रात्रीत गोष्ट हाणली.

म्हटलं, नाव बदललं की झालं. ओतिलियाची मी रोसेंदा केली. बसवाल्याचा खाटीक केला. पाचूकाचं नाव गाळलं. पण कोळशाच्या पेटीतले बूट मला सोडवेनात. असलं काही घरबसल्या सुचत नाही हो! वेराक्रूसही ठेवलं, कारण शेवटी समुद्र बरा दिसतो. नवऱ्याला वाचता येत नाही, आणि मास्तरांच्या हातून ती बाई मास्तरांच्या बायकोसारखीच दिसणार. कोण ओळखणार आहे?

डॉन लेओला शेवट पटला नाही. "एवढा मार खाऊन ती नुसती निघून जाते? वेड लागलंय का तुला? लोक आमच्या खिडक्या फोडतील." म्हणून मी रोसेंदाच्या हातात इस्त्री दिली. झोपलेल्या नवऱ्याच्या डोक्यात तीन घाव, सहा पानांत. मग गाडी, मग समुद्र. तो खूश झाला, मी घरी जाऊन झोपले.

अंक हातात आला तो बुधवारी दुपारी. मी उभ्याउभ्या खात होते. पहिलं पान उलटलं आणि घास तोंडातच राहिला.

नाबोरची घरं म्हणजे चार भिंती, एक खिडकी आणि खिडकीत कुंडी. सतरा वर्षांत कुंडीतलं फूलसुद्धा त्याने बदललं नव्हतं. आणि इथे डोंगराच्या अंगाला चिकटलेली गल्ली होती. मोडक्या पायऱ्या, दारावर उलटा ठोकलेला घोड्याचा नाल, गच्चीवर पोचा पडलेली पाण्याची टाकी. आत स्वयंपाकघर. पिंजऱ्यात दोन पक्षी, टायरच्या दुकानाचं कॅलेंडर, दाराशी खिळ्याला टांगलेली सळई, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. अशी चित्रं त्याने जन्मात काढली नव्हती.

"नाबोर," मी म्हणाले, "हे घर कुठलं?"

तो बिचारा कौतुकाच्या आशेने उठून आला. "जमलंय ना, बाई? तुम्ही पत्ता जोडला होता, म्हटलं एकदा तरी नीट काम करून दाखवू." आणि त्याने खणातून पाकीट काढलं. ओतिलियाचं पाकीट, मागे तिचा पत्ता. घाईघाईत मी ते लिखाणाच्या मागे टाचलेलंच सोडलं होतं. "रविवारी गेलो होतो पाचूकाला. समोरच्या पायरीवर बसून काढत होतो, तर ती बाई स्वतः पाणी घेऊन आली. म्हटलं चित्रं काढतो, तर आत बोलावलं. घेवडा आणि मक्याच्या तोर्तिया खायला घातल्या. फार चांगली बाई. हात जरा सुजलेला होता तिचा."

तेव्हा मी बाटली उचलली.

शाई आणि रक्त मिळून त्याच्या कानावरून ओघळलं. मास्तरांनी मला मागून धरलं. मी लाथा झाडत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. "गाढवा, पाकीट आणि पत्ता यातला फरक कळत नाही तुला? तिला मारायला लावलंस! स्वयंपाकघर काढून दिलंस त्याला!" नाबोर नुसता म्हणत राहिला, "तुम्हीच जोडलं होतं, बाई. तुम्हीच."

मास्तरांनी पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग खुर्चीत बसले. "गुरुवारी," ते म्हणाले. "म्हणजे उद्या. उद्या दुपारी ती त्याच्यासमोर बसून हे वाचणार."

बाहेरगावचे गठ्ठे सकाळीच गेले होते. नाबोर डोक्याला फडकं बांधून म्हणाला, "पोलिसांत जाऊ."

"आणि काय सांगशील?" मास्तर म्हणाले. "एक माणूस बायकोला मारतो? ते विचारतील, बरं, मग नवीन काय?"

गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही तिघं निघालो. पाचूकाच्या टेकड्या दिसू लागल्यावर मास्तर म्हणाले, "मी आयुष्यात दहा हजार ठोसे काढले असतील, हासिंता. मारलेला एकही नाही." मला हसू आलं नाही.

बसस्थानकाबाहेरच्या पेपरवाल्याला मी विचारलं, अंक आहेत का. म्हटलं, सगळे विकत घेऊन गटारात टाकू.

"संपले," तो म्हणाला. "सिल्वेरियोने एकट्याने नऊ नेले. सकाळपासून नाचतोय. म्हणे माझं घर छापून आलंय."

नाचतोय? मास्तर म्हणाले, "अजून वाचून झालेलं नाही. चला."

पायऱ्या चढताना मास्तर एकदाही थांबले नाहीत. दार उघडंच होतं. दारात एक रुंद खांद्यांचा, तुळतुळीत दाढी केलेला माणूस उभा होता, हातात आमचा अंक, आणि तो शेजाऱ्याला दाखवत होता, "हा नाल बघ. हा नाल मी ठोकलाय, माझ्या हाताने!" मी सतरा वर्षं असल्या नवऱ्यांना जाड भुवया आणि किडके दात देत आले. याचे दात पांढरेशुभ्र होते.

"काय पाहिजे?" त्याने विचारलं.

काय सांगायचं ते आम्ही ठरवलंच नव्हतं. वाटेत तीन तास होते, आणि आम्ही तिघं गोष्टी रचून पोट भरणारी माणसं! मास्तर भांबावून म्हणाले, "आम्ही... हा अंक आम्ही काढतो."

मला वाटलं आता सळई खाली येणार. तर तो माणूस मास्तरांच्या गळ्यातच पडला. "ओतिलिया! ए ओतिलिया! अगं बघ कोण आलंय! चित्रवाले आलेत आपल्या घरी!" त्याने आम्हाला ओढत आत नेलं, खुर्च्या पुसल्या, पुल्के दारूचं मडकं टेबलावर ठेवलं. "माझंच घर कसं काय निवडलंत?"

"सुंदर आहे म्हणून," नाबोर म्हणाला.

ओतिलिया शेगडीपाशी होती. माझ्या मनात मी एक वाळकी, रडवेली बाई रंगवली होती. ही ठेंगणी, आडव्या हाडाची, डाव्या डोळ्याखाली पिवळा पडलेला वळ. तिने नाबोरकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. शेगडीवर घेवडा रटरटत होता. शेजारी निखाऱ्यावर इस्त्री तापत होती. आणि भिंतीला लागून कोळशाची पेटी, अगदी नाबोरने काढली होती तशी.

मी मदतीच्या बहाण्याने तिच्यापाशी गेले. "मी हासिंता," मी कुजबुजले. "चूक झाली. आत्ता निघ, आमच्याबरोबर."

"मी चित्रं बघितली," ती ओठ न हलवता म्हणाली. "सकाळपासून तो घरात आहे. दारातून कशी जाऊ? तुम्ही गप्प बसा. वाचायचं मला आहे."

"अगं पण त्यात..."

"गप्प बसा म्हटलं ना."

आम्ही जेवायला बसलो. सिल्वेरियोने अंक तिच्यापुढे सरकवला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली, चित्रं दिसावीत म्हणून. "वाच. सावकाश वाच आज. पाहुणे आहेत."

तिने वाचायला सुरुवात केली, आणि माझ्या हातातला चमचा थांबला. ती जे वाचत होती ते मी लिहिलेलंच नव्हतं.

पहिल्या चौकटीत खाटीक बायकोच्या झिंज्या धरतो. त्याच्या बोलण्याच्या फुग्यात मी लिहिलं होतं, 'माझ्या घरात माझा शब्द!' ओतिलियाने वाचलं, "'वहिनी, दादा खाणीत मेला. आता हे घर माझं!'" म्हणजे मारणारा नवरा नव्हता. दीर होता. खरा नवरा भला माणूस, खाणीत अडकलेला, जिवंत, आणि ही त्याची वाट बघत मार खातेय. ती पान उलटायची, क्षणभर चित्र बघायची, आणि पुढचं वाक्य यायचं, तोंडात घोळवलेलं, फुग्यात बसेल एवढंच. नऊ पानांपर्यंत एकही चौकट सुटली नाही. सतरा वर्षांत मला एकदाही असं लिहिता आलं नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि त्या क्षणी हेवा वाटल्याची लाजही.

सिल्वेरियो रंगला. चित्रातल्या माणसाने सळई उचलली तसा त्याने टेबलावर हात आपटला. "कुत्र्या! बाईवर हात टाकतोस? माझ्या तावडीत सापडायला हवा होतास!" मास्तरांनी मान हलवली. नाबोर ताटात बघत होता. मास्तरांच्या कपाळावरून घाम टपटप टेबलावर पडत होता.

मग सिल्वेरियो म्हणाला, "थांब." त्याने चित्रावर बोट ठेवलं. "ही सळई माझी आहे."

"घर तुमचं काढलंय, तर सळईही तुमचीच येणार," ओतिलिया म्हणाली.

"ती खिळ्यावर असू दे. त्याच्या हातात कशाला दिली?" तो हसत होता, पण हसू आता तोंडापुरतंच उरलं होतं. त्याने मास्तरांकडे पाहिलं. "काय हो?"

"चित्राला वजन येतं," मास्तर म्हणाले.

"वाच," तो म्हणाला.

ती वाचत राहिली. आवाज तसाच. पण सिल्वेरियो आता ऐकत नव्हता, तो बघत होता. तिने पान उलटलं. त्या पानावर रोसेंदा गुडघ्यांवर बसून कोळशाच्या पेटीत तळाशी बूट पुरत होती. पेटीचं तुटलेलं कडं, वरचा टवका, शेजारच्या फरशीला गेलेली चीर, नाबोरने काहीएक सोडलं नव्हतं. आणि मी मेलीने त्या चित्राला अख्खं पान द्यायला सांगितलं होतं.

"'देवा,'" ओतिलियाने वाचलं, "'दिराने ही माझ्या नवऱ्याची आठवणसुद्धा विकली असती. त्याचे बूट मी इथे लपवते.'"

काय बाई होती! पण बूट मास्तरांनी काढले होते. मास्तरांना उंच टाचांचे बायकी बूट काढायची फार हौस.

सिल्वेरियो उठला. पेटीपाशी गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी कोळसा बाहेर फेकू लागला. ओतिलिया थांबली नाही. ती पुढची चौकट वाचत होती, तिच्या पुढची वाचत होती, जणू वाचत राहिलं तर त्याच्या हाताला काही लागणारच नाही. मी टेबलाची कड धरून बसले होते. पळ म्हणून ओरडायला हवं होतं.

गाठोडं निघालं. दोन झगे, काळे झालेले. बायकी बूट.

त्याने खिळ्यावरची सळई काढली.

मी मारामाऱ्या लिहायचे त्यात माणसं फार बोलतात. इथे कुणी बोललं नाही. पहिला घाव तिने हातावर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज मला टेबलापलीकडे आला. दुसरा तिच्या डोक्यात बसला असता, पण मास्तर मध्ये घुसले. मूठ वळून, कोपर मागे नेऊन, चित्रातल्यासारखा ठोसा त्यांनी हाणला आणि तो त्याच्या खांद्यावरून घसरला. सिल्वेरियोने सळईचं टोक त्यांच्या बरगडीत खुपसलं. मास्तर खुर्चीसकट कोसळले. नाबोरने अंकाला हात घातला, कशासाठी देव जाणे, बहुतेक पुरावा म्हणून, आणि त्याचा उजवा हात टेबलावर असतानाच सळई त्यावर आली. एकदा, आणि बोटं अजून हलतायत हे बघून पुन्हा एकदा. नाबोर असा किंचाळला की पिंजऱ्यातले पक्षी जाळीवर आपटले.

"पेटीतलं तुम्हाला कसं कळलं?" आता सिल्वेरियो बोलला. तो माझ्याकडे येत होता. "हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं, थेरडे?"

मी शेगडीवरची हंडी उचलली. हात भाजले, ते नंतर कळलं. उकळता घेवडा मी त्याच्या तोंडावर, मानेवर, उघड्या गळ्यात ओतला. सळई पडली. तो आंधळा होऊन भिंतीवर आपटला, खाली बसला, आणि गुरासारखा ओरडू लागला. चेहऱ्याची कातडी हाताला येत होती.

ओतिलिया शेगडीपाशी होती. मोडका हात लोंबत होता. चांगल्या हाताने तिने इस्त्री उचलली.

"मार!" मी ओरडले. लाज नाही मला सांगायला. "डोक्यात घाल! मार त्याला!"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग इस्त्री त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातली, वरून, सगळ्या ताकदीने. एकच. वाटी फुटली. तो आमच्यामागे पायऱ्या उतरू शकणार नाही एवढंच तिला हवं होतं. मग तिने इस्त्री शेगडीवर जागच्या जागी ठेवली, कोळशातले बूट झटकले आणि एका हाताने पायात चढवले. नाडी बांधता येईना. ती मी बांधली.

गल्लीत दारं उघडी होती. शेजारी उभे होते, आणि सकाळी वाटलेले अंक दोघांच्या हातांत होते. कुणी अडवलं नाही, कुणी मदतीलाही आलं नाही.

बसस्थानकावर मी माझ्या शालीने तिचा हात बांधला. नाबोर भिंतीला टेकून पांढराफटक बसला होता, हात सदऱ्यात गुंडाळलेला. तो हात पुन्हा ब्रश धरणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. मास्तर श्वास तोडून तोडून घेत होते.

"दवाखान्यात चल," मी म्हणाले. "मग आमच्याबरोबर शहरात. माझ्या घरी राहा, हवी तितकी वर्षं."

तिने विचारलं, "शेवटी काय लिहिलंय? मला शेवटपर्यंत वाचता आलं नाही. रोसेंदा कुठे जाते?"

मला खोटं बोलता आलं असतं. "वेराक्रूसला," मी म्हणाले. "धर्ममातेकडे."

"नाव घातलंय? वेराक्रूस म्हणून?"

"घातलंय."

ती समोरच्या गाड्यांकडे बघत राहिली. तिला जगात जायला एकच जागा होती, आणि ती मी छापून गावोगाव वाटली होती. आज नाही तर उद्या कुणीतरी त्याला ते पान वाचून दाखवणार होतं.

"ओतिलिया, माफ कर," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "मी मूर्ख आहे. हवं तर मला मार."

"मारून काय करू, बाई?" ती म्हणाली. चिडलेली नव्हती, दमलेली होती. "तुम्ही उठा. तिघंही उठा."

आम्ही उठलो. मास्तरांनी नाबोरला काखेत धरून उभं केलं.

"आता त्या भिंतीकडे तोंड करा."

"का गं?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही वाईट माणसं नाही आहात," ओतिलिया म्हणाली. "पण तुम्हाला जे दिसतं ते तुम्ही काढता. आणि या बाईंना जे कळतं ते त्या लिहितात. मी कुठल्या गाडीत चढते ते मला कुणाला दिसायला नकोय."

मास्तर काहीतरी बोलायला गेले. मी त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं. आम्ही तिघं हिरव्या भिंतीपुढे रांगेत उभे राहिलो, नाक भिंतीला लागेल इतके जवळ. मागे तिच्या बुटांचा आवाज झाला, मग तो गर्दीत मिसळला. गाड्यांची इंजिनं सुरू होत होती. मास्तरांची मान जराशी वळली तेव्हा मी त्यांच्या पोटरीवर लाथ मारली.

मग वाहक गावांची नावं पुकारू लागले. एक नाव, दुसरं, तिसरं. तिसऱ्यानंतर एक दार धाडकन बंद झालं आणि एका गाडीने गिअर टाकला, आणि सतरा वर्षांची सवय, माझे कान ते नाव पुन्हा ऐकायला वळले. मी भाजलेले दोन्ही हात वर केले आणि कानांत बोटं घातली.